हौशी वैमानिकाचं एक वर्ष : एमी जॉन्सन

मित्रांनो, वर्कशॉपमध्ये दोन-दोन तास फायलिंग करून हाताला फोड आले की आपल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो. पुढे आयुष्यभर कॉम्प्युटरसमोरच बसायचंय, मग ही हमाली कशासाठी? मलाही पडायचा. मग एमी जॉन्सन या बाईंबद्दल वाचलं आणि निदान माझ्यापुरतं तरी उत्तर मिळालं.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी. वडिलांचा मासळीचा व्यापार. शेफिल्ड विद्यापीठातून तिने अर्थशास्त्र घेऊन बी. ए. केलं आणि लंडनला एका सॉलिसिटरच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून चिकटली. विमानाशी दूरान्वयेही संबंध नाही! पण शहराच्या टोकाला स्टॅग लेन नावाचं छोटं विमानतळ होतं आणि तिथे हौशी लोकांचा फ्लाइंग क्लब होता. सप्टेंबर १९२८ मध्ये एमी तिथे शिकायला लागली. आपण सुट्टीत ट्रेकला जातो ना, तसाच तिचा हा छंद.

आता कुणाला वाटेल, पोरगी जन्मजात वैमानिक असणार. अजिबात नाही! विमान उतरवताना ती हमखास आपटायची. एकटीने उडायची परवानगी मिळेपर्यंत तिचे पावणेसोळा तास खर्ची पडले. क्लबातली कित्येक मंडळी याहून बरीच लवकर सुटायची. शेवटी जून १९२९ मध्ये तिने पहिलं एकटीचं उड्डाण केलं आणि जुलैमध्ये 'ए' लायसन्स, म्हणजे हौशी वैमानिकाचा खाजगी परवाना, तिच्या हातात पडला.

इथे बाकीचे हौशी लोक थांबायचे. रविवारी यायचं, चकरा मारायच्या, चहा प्यायचा आणि घरी. इंजिनाचं काही बिघडलं तर ते मेकॅनिक बघून घेतील. एमी मात्र हँगरमध्ये शिरली. तिथले मुख्य मेकॅनिक जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली तिने काम सुरू केलं. व्हॉल्व्ह घासणं, प्लग साफ करणं, मॅग्नेटो खोलून परत बसवणं, सगळं. सेक्रेटरीच्या नखांत ग्रीस! डिसेंबर १९२९ मध्ये तिने ग्राउंड इंजिनिअरचं 'सी' लायसन्स मिळवलं. हे लायसन्स मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

मग तिच्या डोक्यात आलं, एकटीने ऑस्ट्रेलियाला जायचं! तोपर्यंतचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लंडनहून हलला, स्वतःच्या घरी. उड्डाणाचे एकूण तास शंभरही भरत नव्हते. वडिलांनी आणि तेलाचे उद्योजक लॉर्ड वेकफिल्ड यांनी पैसे घातले आणि एक सेकंडहँड जिप्सी मॉथ विमान आलं. लाकडी सांगाडा, वरून कापड, उघडं कॉकपिट, सुमारे शंभर अश्वशक्तीचं इंजिन. रेडिओ नाही. नाव ठेवलं 'जेसन', वडिलांच्या धंद्याच्या ट्रेडमार्कवरून. एक जादा प्रोपेलर तिने विमानाच्या अंगालाच बांधून घेतला.

५ मे १९३० ला क्रॉयडनहून ती निघाली. इराकच्या वाळवंटात वादळाने तिला खाली उतरवलं. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीला हजर! बर्ट हिंकलरने १९२८ मध्ये इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर साडेपंधरा दिवसांत कापलं होतं. कराचीला एमी त्याच्या दोन दिवस पुढे होती. आतापर्यंत तिच्याकडे दुर्लक्ष करणारे पेपरवाले खडबडून जागे झाले. (योगायोग पाहा, त्याच मे महिन्यात इंग्लंड ते भारत या मार्गावर आगाखान पारितोषिकासाठी आपले जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनिअर हेही एकेकटे उडत होते. बाजी मारली ती अस्पीने.)

पुढे झाशीजवळ पेट्रोल संपत आलं. लष्करी बराकींच्या मैदानात उतरताना पंखाला मार बसला. दुरुस्ती झाली. अलाहाबाद, कलकत्ता झालं आणि खरा घात रंगूनजवळ झाला. पावसात तिला रेसकोर्स सापडेना. इन्सीन इथल्या एका टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या मैदानात ती उतरली आणि विमान थेट चरात गेलं. प्रोपेलर मोडला, चाकांचा सांगाडा वाकला, पंख फाटला.

विक्रम तिथेच गेला. हे तिला कळत होतंच. पण बाई रडत बसल्या नाहीत. इन्स्टिट्यूटची मंडळी हत्यारं घेऊन धावली, बांधून आणलेला प्रोपेलर चढवला गेला. पंखाला कापड कुठून आणायचं? पहिल्या महायुद्धातलं उरलेलं विमानाचं कापड घेऊन तिथे कुणीतरी शर्ट शिवले होते म्हणे. तेच उसवून पंखाला लावले! कल्पना करा, आपल्या कॉलेजच्या ग्राउंडवर असं विमान येऊन पडलं, तर आपल्यातल्या किती जणांना पाना कुठे लावायचा ते समजेल?

जावामध्ये बांबूंनी पुन्हा पंखांना भोकं पाडली, तेव्हा तिने चक्क जखमेवरची चिकटपट्टी लावून काम भागवलं. २४ मे १९३० ला ती डार्विनला उतरली. सुमारे १८,००० किलोमीटर, १९ दिवस. हिंकलरचा विक्रम मोडला नाही, पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री ठरली. परवाना मिळून तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं!

नंतर टोकियो झालं, केपटाऊनचा विक्रम झाला. वैमानिक जिम मॉलिसनशी १९३२ मध्ये लग्न झालं आणि १९३८ मध्ये मोडलंही. महिला इंजिनिअरांच्या ब्रिटिश संस्थेची १९३५ ते १९३७ ती अध्यक्ष होती. अर्थशास्त्राची बी. ए.! दुसऱ्या महायुद्धात ती लष्करासाठी विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवत असे. ५ जानेवारी १९४१ ला खराब हवेत तिचं विमान भरकटलं आणि ती थेम्सच्या मुखाशी समुद्रात पडली. तिला वाचवायला गार पाण्यात उडी घेणारे 'हॅझलमिअर' बोटीचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांचाही अंत झाला. एमीचा मृतदेह मिळालाच नाही. वय अवघं ३७.

'जेसन' मात्र आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे.

मला वाटतं, ऑस्ट्रेलियाला एमीला तिच्या पायलटच्या लायसन्सने नेलं नाही. उतरताना तर ती शेवटपर्यंत आपटतच राहिली. तिला नेलं ते हँगरमधल्या त्या काळ्या हातांनी. आपटल्यावर पुन्हा उठायचं कसं, हे तिला तिथे शिकायला मिळालं होतं. तेव्हा दोस्तहो, पुढच्या वर्कशॉपला जॉब दुसऱ्याकडून करून घेण्याआधी एकदा एमीला आठवा. आपलं 'इन्सीन' कधी आणि कुठे येईल, ते काही सांगून येत नाही!