उंटावरून पडून वाचला, बाइकवरून पडून गेला

एअरबॅग जॅकेटचं रील तुम्ही पाहिलं असेलच. रायडर बाइकवरून उडतो आणि जमिनीला टेकायच्या आत त्याच्या अंगातलं जॅकेट टम्म फुगतं. खाली कमेंट्समध्ये दोन पार्ट्या. एक म्हणते, जीव वाचवायचा तर घ्याच. दुसरी म्हणते, पैसेवाल्यांची थेरं. लोटे एमआयडीसीतल्या शिफ्टला, लवेलच्या इंजिनीअरिंग कॉलेजला किंवा परशुराम घाट उतरून चिपळूणला डीबीजेला बाइकवरून जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला हा प्रश्न पडतोच, कारण हायवेला आपल्या शेजारून जातो तो केमिकलचा टँकर. उत्तर शोधताना मी एका भलत्याच माणसापाशी पोचले. हेल्मेटची गोष्ट त्याच्या मरणातून सुरू झाली, म्हणून आधी तो.

टी. ई. लॉरेन्स. १९६२ चा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ पाहिला असेल तर आठवा, सिनेमा वाळवंटात सुरू होतच नाही. तो सुरू होतो एका मोटरसायकलवर. (आपल्या आय. एस. जोहरनेही त्यात काम केलंय. आणि पडद्यावरचा पीटर ओ'टूल सहा फुटांच्या वर असला, तरी खरा लॉरेन्स जेमतेम साडेपाच फुटांचा होता.)

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमॅडॉग गावचा. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं आणि ‘लॉरेन्स’ हे आडनावसुद्धा वडिलांनी पुढे घेतलेलं. म्हणजे या माणसाचं नाव पहिल्या दिवसापासून उसनं. ऑक्सफर्डला इतिहास शिकताना १९०९ च्या उन्हाळ्यात तो जुने किल्ले बघायला सीरियात शेकडो मैल पायी फिरला. मग कार्केमिशला उत्खननावर राहिला, तिथे मजुरांबरोबर अरबी शिकला. पहिलं महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी त्याला कैरोला नेमलं आणि तिथून तो तुर्कांविरुद्धच्या अरब उठावात गेला. जुलै १९१७ मध्ये अरबांनी वाळवंट ओलांडून अकाबा बंदर घेतलं, तेव्हा तो त्यांच्यात होता. त्या मोहिमेत ऐन चढाईत त्याने घाईघाईत स्वतःच्याच उंटाच्या डोक्यात गोळी घातली. उंट कोसळला, हा उडून आपटला, तरी वाचला. १९१९ मध्ये रोमजवळ त्याचं विमान कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. हा हाडं मोडून घेऊन पुन्हा उभा राहिला.

युद्ध संपल्यावर जगाने त्याला हिरो केलं आणि तो पळाला. कर्नल लॉरेन्स १९२२ मध्ये खोट्या नावाने हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांनी शोधून काढल्यावर त्याला तिथून काढलं, तर नाव बदलून रणगाडा दलात शिरला. डॉर्सेटमधल्या बोव्हिंग्टन छावणीत. जवळच क्लाउड्स हिल नावाचं छोटंसं घर घेतलं, जिथे धड वीजही नव्हती. १९२५ मध्ये पुन्हा हवाई दल, आणि १९२७ च्या जानेवारीत थेट कराची. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे कागदोपत्री हा गडी आपल्याच इलाख्यात विमानाची इंजिनं दुरुस्त करत बसला होता. पुढे सरहद्दीवरच्या मीरानशाहला गेला. अफगाणिस्तानातल्या बंडामागे हाच असल्याच्या अफवा पेपरांत झळकल्या, तेव्हा सरकारने १९२९ च्या जानेवारीत त्याला मुंबईहून बोटीत बसवून इंग्लंडला परत पाठवलं.

या सगळ्या धावपळीत एकच चैन त्याने सोडली नाही. ब्रफ सुपीरियर. नॉटिंगहॅमचा जॉर्ज ब्रफ या बाइक बनवायचा. तिचं एसएस १०० मॉडेल ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर जाणार याची कंपनी हमी द्यायची. शंभर वर्षांपूर्वीच्या टायर-ब्रेकवर! शिपायाच्या पगारातला माणूस, पण एकामागोमाग अशा सात बाइक वापरल्या. एक तर मित्रांनी भेट दिली होती, त्यात जॉर्ज बर्नार्ड शॉ पतिपत्नी होते. आठवीची ऑर्डर गेली होती.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग, जो सिनेमात नाहीच. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्लिमथजवळ हवाई दलाचं एक विमान लॉरेन्सच्या डोळ्यांदेखत समुद्रात कोसळलं. बुडणाऱ्यांपर्यंत लवकर पोचेल अशी बोटच नव्हती. त्यानंतरची चार वर्षं त्याने याच कामाला दिली. वेगवान बचाव बोटी कशा बनवायच्या, त्यांची इंजिनं कशी सांभाळायची, चाचण्या, दुरुस्त्या, माहितीपुस्तिका. इतरांचा जीव वाचवणारं यंत्र बनवण्यात हा माणूस रात्रंदिवस खपला आणि स्वतः मात्र उघड्या डोक्याने ब्रफ पळवत राहिला. त्याला मूर्ख ठरवू नका. तेव्हा हेल्मेट ही शर्यतवाल्यांची वस्तू होती, रस्त्यावर कोण घालणार?

१३ मे १९३५. नोकरीतून निवृत्त होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. बोव्हिंग्टनच्या पोस्टातून एका मित्राला तार करून तो घरी परतत होता. रस्त्यात उतार-चढ, पलीकडचं दिसत नव्हतं. समोर अचानक सायकलवरची दोन मुलं. त्यांना वाचवायला त्याने बाइक वळवली, एकाच्या सायकलला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मुलं वाचली. याच्या कवटीला तडा गेला. सहा दिवस शुद्ध आलीच नाही. १९ मे रोजी, ४६ व्या वर्षी, तो गेला.

त्याच्या उशाशी बोलावलेल्या डॉक्टरांत एक तरुण मेंदूशल्यविशारद होता, ऑस्ट्रेलियात जन्मलेला ह्यू केर्न्स. पेशंट वाचवता आला नाही, पण प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनच्या रस्त्यांवर रात्री दिवे बंद असत आणि लष्कराचे निरोपे बाइकवरून पळत. केर्न्सने मोजायला घेतलं. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत बाइकवरचे आणि मागे बसलेले मिळून २,२७९ जण मेले, त्याआधीच्या २१ महिन्यांपेक्षा २१ टक्के जास्त. बहुतेकांचं डोकं फुटलेलं. आणि हेल्मेट असूनही डोक्याला मार बसलेले? त्याच्याकडे अशा फक्त ७ केसेस आल्या, सातही जिवंत. १९४१ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लष्कराने ड्युटीवरच्या बाइकस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सात केसेस म्हणजे फार नाहीत, हे स्टॅटिस्टिक्सवाले लगेच म्हणतील. खरंय. म्हणूनच तो थांबला नाही, पुढे आणखी केसेस जमवत राहिला. सामान्य ब्रिटिश माणसाला सक्ती झाली ती १९७३ मध्ये. केर्न्स १९५२ मध्येच वारला होता.

आता जॅकेट घ्या. प्रकार दोन. एकात जॅकेटची दोरी बाइकला अडकवायची. तुम्ही उडालात की दोरी खेचली जाते, छोट्या सिलिंडरमधला वायू आतल्या पिशव्यांत शिरतो. दुसऱ्यात सेन्सर आहेत, तोल गेल्याचं तेच ओळखतात. हे पटकन फुगतं, पण मोबाइलसारखं चार्ज करावं लागतं आणि काही कंपन्या वर्षाची वर्गणीही घेतात. दोन्ही मान, छाती, पाठीचा कणा सांभाळतात. मोटोजीपीत २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे, तेव्हा निव्वळ थेरं म्हणून हसण्यासारखी ही वस्तू नाही. पण तिला मर्यादा आहेत. दोरीवालं जॅकेट तुम्ही बाइकपासून सुटल्यावरच फुगतं, थेट समोरच्या गाडीवर आदळलात तर तेवढा वेळ मिळेलच असं नाही. वेग वाढत जाईल तशी मदत कमी होत जाते. टँकरच्या चाकाखाली कुठलीच पिशवी उपयोगाची नाही. एकदा फुगलं की नवा सिलिंडर लागतो, तो गावात मिळेल याची खात्री धरू नका. आणि मे महिन्यात, आपल्या या दमट हवेत, ते अंगावर ठेवून दाखवा! जे कपाटात राहतं ते कुणाला वाचवत नाही. त्यातल्या त्यात बिनबाह्यांचं, शर्टावर चढवायचं मॉडेल जमण्यासारखं आहे.

लॉरेन्सच्या अंगात त्या दिवशी असं जॅकेट असतं तर? दोरी नक्की खेचली गेली असती, छाती-पाठ शाबूत राहिली असती. कवटी मात्र तशीच फुटली असती. माझं मत इथेच ठरलं. जॅकेट उपयोगी आहे, पण दुसऱ्या नंबरावर. पहिल्या नंबराला पर्याय नाही. जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो असं निघालं. आपल्या देशात एकट्या २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले. हा आकडा केंद्र सरकारच्याच अहवालातला.

त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. केर्न्सने १९४१ मध्ये मागच्यांनाही मोजलं होतं आणि आपल्या कायद्यातही त्यांना हेल्मेट सक्तीचंच आहे. लोटे नाक्यावर पाच मिनिटं उभे राहा आणि मागच्या सीटवरची डोकी बघा. तर जॅकेटसाठी पैसे साठवत असाल तर साठवा, पण त्यातून आधी आयएसआय मार्कचं, हनुवटी झाकणारं, पट्टा नीट लागणारं एक हेल्मेट घ्या आणि लगोलग दुसरं, तुमच्या मागे बसून कॉलेजला येणाऱ्याच्या मापाचं. उरलेल्या पैशांत जॅकेट बसत असेल तर मग दोरीवालं की सेन्सरवालं, हा वाद घालायला मजा आहे.