शशिपदबाबूंची रात्रशाळा आणि लोखंडे यांचा अर्ज

बराकपूर म्हटले की मराठी वाचकाला १८५७ चा मार्च महिना, छावणीचे मैदान आणि मंगल पांडे आठवतात. या गावाची दुसरी ओळख मात्र आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. हुगळीच्या पूर्व काठाने बरानगरपासून टिटागढ, जगद्दल, काँकिनाडा करीत नैहाटीपर्यंत तागाच्या गिरण्यांची जी रांग उभी राहिली, ती सारी प्रशासकीयदृष्ट्या बराकपूर उपविभागात मोडते. देशातील औद्योगिक कामगारवर्ग ज्या मोजक्या ठिकाणी प्रथम घडला, त्यांत मुंबईच्या गिरणगावाबरोबर या पट्ट्याचे नाव घ्यावे लागते.

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि एकोणतीस जुन्या कायद्यांची जागा त्यांनी घेतली. राजधानीत त्यावर होत असलेल्या वादाचा गाभा एकच आहे : मालकाची जबाबदारी कायद्याने किती बांधून घालायची आणि त्याच्या सदिच्छेवर किती सोडायची? बराकपूरच्या काठावर हा प्रश्न एका माणसाच्या आयुष्यातून दीडशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. त्याचे नाव शशिपद बॅनर्जी. बंगालमध्ये कामगारांसाठी काम करणारा पहिला सुशिक्षित माणूस म्हणून त्यांचा उल्लेख होतो आणि तो रास्तही आहे. परंतु त्या कामाचे स्वरूप काय होते हे तपासले जात नाही.

शशिपदबाबूंचा जन्म २ फेब्रुवारी १८४० रोजी बरानगरच्या ब्राह्मण घराण्यात झाला. ते वीस वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, म्हणजे १८५९ मध्ये, त्यांच्या गावात बोर्निओ कंपनीने वाफेवर चालणारे माग असलेली तागाची गिरणी उभारली. नदीच्या पलीकडे रिसड्याला १८५५ मध्ये ताग कातण्याची पहिली गिरणी निघाली होती. बरानगरला कातण्याबरोबर विणकामही यंत्रावर सुरू झाले. भोंग्यावर उठणारी, भोंग्यावर परतणारी, आठवड्याच्या मजुरीवर जगणारी वस्ती शशिपदांच्या डोळ्यांदेखत वाढत गेली. त्या काळच्या भद्र समाजाला ही माणसे दिसत नव्हती असे नाही; त्यांच्याशी आपला काही संबंध आहे, असे वाटत नव्हते इतकेच.

शशिपदांना ते वाटले, याचे श्रेय बऱ्याच अंशी ब्राह्मो समाजाला द्यावे लागते. तरुणपणीच ते त्या चळवळीत ओढले गेले. पत्नी राजकुमारी यांना त्यांनी स्वतः लिहावाचायला शिकवले, गावात मुलींची शाळा काढली आणि जातभाईंचा रोष ओढवून घेतला. १८६६ मध्ये मेरी कार्पेंटर ही ब्रिस्टॉलची समाजसेविका हिंदुस्थानात आली असता तिने बरानगरचे काम पाहिले. तिच्याच निमंत्रणावरून १८७१ मध्ये हे दांपत्य इंग्लंडला गेले. ब्राह्मण स्त्रीने समुद्र ओलांडणे त्या काळी केवढे धाडस होते, हे मराठी वाचकाला आनंदीबाई जोशी यांच्या उदाहरणावरून समजेल. आनंदीबाई त्यानंतर बारा वर्षांनी निघाल्या. ब्रिस्टॉलला त्यांना मुलगा झाला. आल्बियन राजकुमार असे नाव मिळालेला हा मुलगा पुढे सनदी सेवेत शिरला आणि १९२२ ते १९२६ या काळात म्हैसूरचा दिवाण होता.

इंग्लंडातून शशिपदांनी काय आणले आणि काय आणले नाही, हे पाहण्यासारखे आहे. ते तेथे होते त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता देणारा कायदा केला. दहा तासांच्या दिवसाचा कायदा तर १८४७ पासूनच तेथे होता. शशिपदांचे मन मात्र मद्यपानबंदीच्या सभा, श्रमिकांचे क्लब आणि बचत बँका यांत रमले. जाण्यापूर्वीच, १८७० मध्ये, त्यांनी बरानगरला श्रमजीवींचा क्लब काढला होता. रात्रशाळा, वाचन, व्याख्याने, दारू सोडण्याचा आग्रह आणि मजुरीतले चार पैसे बाजूला टाकण्याची सवय, असा त्याचा कार्यक्रम होता. १८७४ मध्ये त्यांनी ‘भारत श्रमजीवी’ हे सचित्र मासिक सुरू केले. किंमत एक पैसा. कामगारांसाठी निघालेले हे देशातील पहिले नियतकालिक मानले जाते आणि भरात असताना त्याचा खप पंधरा हजारांपर्यंत गेल्याचे नमूद आहे. बहुसंख्य वाचकवर्ग निरक्षर असताना हा आकडा थक्क करणारा आहे.

पण या मासिकात गिरणीचे तास किती असावेत, यंत्रात हात गेला तर भरपाई कोणी द्यावी, असले प्रश्न मध्यभागी नव्हते. कामगार सुधारला, शिकला, काटकसरी झाला म्हणजे त्याचे दैन्य जाईल अशी शशिपदांची श्रद्धा होती. मालकाकडे काही मागायचे असते, ही कल्पना त्या श्रद्धेत बसत नव्हती. इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी १९७० च्या दशकात या कामाची चिकित्सा करताना नेमके यावर बोट ठेवले. शिस्तीचा, वक्तशीर, निर्व्यसनी मजूर घडवणे हे मध्यमवर्गीय सुधारकाचे ध्येय होते आणि गिरणीच्या व्यवस्थापकालाही तसाच मजूर हवा होता. त्यामुळे त्याला रात्रशाळेचे वावडे असण्याचे कारण नव्हते.

याच काळात मुंबईत काय चालले होते? नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) हे सत्यशोधक चळवळीतून आलेले आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले गृहस्थ. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्याला सुरू केलेला ‘दीनबंधु’ त्यांनी १८८० पासून मुंबईतून चालवला. शिक्षण आणि निर्व्यसन त्यांनाही हवेच होते. फरक असा की १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. यातली प्रत्येक मागणी मालकाच्या अंगावर काही बंधन टाकणारी आहे. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगात लोखंडे सहयोगी सदस्य होते.

हे सारे सरळ रेषेत घडले असे मात्र नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता, हे उघड गुपित होते. हिंदी गिरण्यांचा स्वस्त माल त्यांना खुपत होता. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनीच या कायद्याला विरोध केला. मजुराचे रक्षण करणारा कायदा देशाच्या उद्योगाचा शत्रू ठरला. स्पर्धात्मकतेच्या नावाने कामगार कायदे सैल करण्याचा युक्तिवाद इतका जुना आहे. कायदाही तसा तुटपुंजाच होता : शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू, सात वर्षांखालील मुलांना मनाई, बारा वर्षांखालील मुलांना नऊ तास, प्रौढांच्या तासांबद्दल अक्षर नाही. १८९१ च्या दुरुस्तीने पन्नास कामगारांची मर्यादा, स्त्रियांसाठी अकरा तास आणि साप्ताहिक सुटी आणली. अंमलबजावणीची कथा अधिकारी वाचकांना वेगळी सांगायला नको. खास निरीक्षक नेमलेला नसेल तेथे जिल्हादंडाधिकारी हाच निरीक्षक, आणि त्याच्या टेबलावरील इतर कामांच्या ढिगात गिरणीची पाहणी तळाशी.

शशिपदांच्या पद्धतीची खरी कसोटी १८९० च्या दशकात लागली. तागाच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा संपली आणि यंत्रे पंधरा-पंधरा तास चालू लागली. त्याचबरोबर मजूर बदलला. आरंभीचा स्थानिक बंगाली मजूर मागे पडून बिहार, संयुक्त प्रांत, ओडिशा आणि तेलुगू मुलखातून आलेली माणसे सरदाराच्या मार्फत भरती होऊ लागली. सरदाराची दस्तुरी, त्याचेच कर्ज, त्याचीच खोली. एक पैशाचे बंगाली मासिक या परप्रांतीयाच्या हाती पोहोचणे शक्यच नव्हते. याच दशकाच्या मध्यावर टिटागढ परिसरात सणाच्या सुटीवरून गिरण्यांत दंगे झाले तेव्हा या मजुरांच्या वतीने बोलणारी ना संघटना होती ना पुढारी. परप्रांतात पोट भरणाऱ्याला भलेपणाचे छत्र सहसा मिळत नाही. त्याला मिळालाच तर कायदाच मिळतो.

तोवर शशिपदांचे लक्ष स्त्रियांच्या प्रश्नाकडे वळले होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी विधवेशी विवाह केला. १८८७ मध्ये बरानगरला हिंदू विधवांसाठी आश्रम काढला; पंडिता रमाबाईंचे शारदा सदन त्यानंतर दोन वर्षांनी आणि कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम नऊ वर्षांनी आला. त्यांची कन्या वनलता देवी हिने ‘अंतःपुर’ हे केवळ स्त्रियांनी लिहिलेले मासिक चालवले. या क्षेत्रात शशिपद जितके निर्भय होते तितके ते गिरणीच्या फाटकाशी कधी झाले नाहीत. (विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या नाभिकांचा संप घडवून आणणारे लोखंडेच होते, हेही येथे नोंदवायला हवे.) बंगालमध्येच ब्राह्मो समाजाच्या द्वारकानाथ गांगुलींनी १८८६ मध्ये आसामच्या चहामळ्यांत जाऊन मजुरांची गुलामी वृत्तपत्रातून उघडी केली होती. तेव्हा मालकाला जाब विचारणे शशिपदांच्या वर्तुळाला अपरिचित होते, असेही म्हणता येत नाही.

तरीही त्यांना गिरणीमालकांचे हस्तक ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या समाजात मजुराला अक्षर शिकवणे हाच वेडेपणा समजला जात होता, त्यात त्यांनी रात्रीमागून रात्री त्यांच्यासाठी दिवा लावला. अर्जावर सही करायला आधी सही यावी लागते.

नव्या संहितांच्या बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद याच दोन वाटांवर विभागले आहेत. प्रत्येकाला नियुक्तिपत्र आणि वार्षिक आरोग्यतपासणी या तरतुदी मालकावर नवी जबाबदारी टाकतात. दुसरीकडे, कपात किंवा टाळेबंदीपूर्वी सरकारी परवानगी घेण्याची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली आणि वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील संख्या दहावरून वीस झाली. त्या आकड्यांच्या खाली राहणारा कामगार पुन्हा मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहतो. निरीक्षकाच्या पदनामाला ‘सुविधाकार’ जोडले गेले आहे. बराकपूर पट्ट्यात काम स्थगितीच्या नोटिसा आणि निवृत्तांच्या थकलेल्या ग्रॅच्युइटीची तक्रार यांची सवय झालेल्या कामगाराला त्या शब्दाचा अर्थ अनुभवातूनच कळणार आहे.

अखेरच्या वर्षांत शशिपद सर्वधर्मीय उपासनेकडे वळले आणि १९०८ मध्ये त्यांनी कलकत्त्यात ‘देवालय’ स्थापन केले. प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास कायद्याने प्रथम १९११ मध्ये, तेही फक्त कापड व ताग गिरण्यांत, बारावर बांधले गेले. आठवड्याला साठ तास ही मर्यादा १९२२ मध्ये आली. लोखंडे यांच्या अर्जातील भरपाईची मागणी १९२३ च्या कायद्यात उतरली आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आली. लोखंडे १८९७ च्या प्लेगातच गेले होते. शशिपदबाबूंचे निधन १९२४ च्या डिसेंबरात झाले, तेव्हा बरानगरच्या गिरणीत हात गमावणाऱ्या मजुराला मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क मिळून पाच महिने झाले होते.