अंथरुणावरून चाललेली सेवा



१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडच्या ज्या मुली नर्सिंगला जातात त्या हातात पेटता दिवा घेऊन सेवेची शपथ घेतात. तो दिवा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा. जखमी सैनिकांच्या खाटांमधून रात्री दिवा घेऊन फिरणारी बाई आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेली असते. पण दिव्याचे ते काम जेमतेम पावणेदोन वर्षे चालले. त्यानंतर त्या ५४ वर्षे जगल्या, आणि त्यांतला बराच काळ त्या स्वतःच दुखणाईत होत्या. दुखणे कोणते, हे त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगू शकले नाही.

त्यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात, एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव मुलीला मिळाले. वयाच्या सतराव्या वर्षी देव आपल्याला सेवेसाठी बोलावीत आहे असे त्यांना जाणवले. घरच्यांचा विरोध मोडायला पुढे कित्येक वर्षे गेली. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांसाठी त्या ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीला पोहोचल्या. त्यांत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. लंडनमधील बर्मंडसी कॉन्व्हेंटच्या मदर क्लेअर मूर त्यांपैकी एक. फ्लॉरेन्स अँग्लिकन होत्या, तरी या दोघींची मैत्री मदर क्लेअर १८७४ साली वारल्या तोवर टिकली.

मे १८५५ मध्ये त्या बालाक्लाव्हा येथे तापाने पडल्या. काही दिवस जगतात की मरतात अशी स्थिती होती. बऱ्या झाल्या, पण मायदेशी जाण्यास नकार देऊन युद्ध संपेपर्यंत राहिल्या. १८५६ च्या ऑगस्टमध्ये घरी परतल्या आणि वर्षभराने कोसळल्या. छातीत धडधड, धाप, अशक्तपणा, अन्न पाहिले तरी मळमळ. त्या ३७ वर्षांच्या होत्या आणि आपण लवकरच जाणार असे धरून चालल्या होत्या. १८६१ च्या डिसेंबरात सर्वांत मोठा झटका आला. पाठीच्या कण्यात असह्य वेदना सुरू झाल्या. पुढची सुमारे सहा वर्षे त्यांना धड चालता येत नव्हते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून न्यावे लागे.

डॉक्टरांपैकी कोणी हृदयावर बोट ठेवले, कोणी मज्जातंतूंवर, कोणी अतिश्रमावर. मालव्हर्नला जाऊन जलोपचारही करून झाले. बरे वाटायचे, पुन्हा उलटायचे. मग लोक बोलू लागले. बाईंना नको ते पाहुणे टाळायचे असतात, म्हणून त्या अंथरूण धरतात, असेही म्हटले गेले. मरणोत्तर चरित्रकारांनी तर ते छापलेसुद्धा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना पहिल्याच वर्षी हे शिकवतात की एखादी गोष्ट आपल्याला कळली नाही म्हणून ती नाही, असे होत नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आला की घरातल्या माणसाचेही दुखणे आपल्याला खोटे वाटू लागते.

फ्लॉरेन्स यांनी मात्र भांडण घालण्यापेक्षा हिशेब मांडला. रोज थोडीशीच शक्ती हाती येते, ती कशावर खर्च करायची? त्यांनी ठरवले, कामावर. एका वेळी एकच माणूस भेटणार, तोही आधी चिठ्ठी पाठवून. त्याच घरात, खालच्या मजल्यावर बसलेल्या सहकाऱ्यांशीसुद्धा वर-खाली चिठ्ठ्या चालत. सोबतीला मांजरे. वेदना फार झाल्या की कातडीखाली अफूचे इंजेक्शन. त्याने दिवसभर आराम पडे, पण बुद्धी मंद होते अशी त्यांची तक्रार असे. १८५९ मध्ये त्यांनी शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले त्यात एक अख्खे प्रकरण भेटायला येणाऱ्यांवर आहे. रुग्णाला खोटा धीर देऊ नका आणि न मागितलेले सल्ले देऊ नका, असे त्या तेथे बजावतात. ते प्रकरण वाचताना कळते की हे परिचारिकेने कमी आणि रुग्णाने जास्त लिहिले आहे.

अंथरुणावर बसूनच त्यांनी १८६० साली लंडनमध्ये परिचारिकांची शाळा उभी केली. प्रकृतीमुळे ती स्वतः चालवणे मात्र त्यांना जमले नाही. भारतात त्या कधी आल्या नाहीत, पण येथील छावण्यांतून माहितीचे गठ्ठेच्या गठ्ठे मागवून त्यांनी अभ्यासले. १८६३ च्या अहवालाने दाखवले की येथे दर हजारी ६९ गोरे सैनिक दरवर्षी मरत होते, आणि कारण लढाई नव्हते. घाण पाणी आणि गटारे होती. पुढे खेडी, दुष्काळ, कालवे यांकडे त्यांचे लक्ष वळले.

याची किंमत इतरांनीही मोजली. मंत्री सिडनी हर्बर्ट स्वतः आजारी असताना त्यांनी त्यांच्यामागे कामाचा तगादा लावला. ते १८६१ साली वारले. काही वर्षे सेवा करून आत्या आपल्या घरी परत गेली, तर त्याचाही राग धरला. दुखणे माणसाला दर वेळी सोशिक बनवतेच असे नाही.

साठीनंतर आजार बराच ओसरला. पुढे दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या. १९९५ साली एका संशोधकाने मांडले की तो ब्रुसेलोसिस, म्हणजे माल्टा ताप असावा. जनावरांच्या कच्च्या दुधातून येणारा हा ताप वर्षानुवर्षे उलटतो, कण्यात बसतो आणि मनही खचवतो. त्याचा जंतू १८८७ साली सापडला, तेव्हा त्यांच्या दुखण्याला ३२ वर्षे झाली होती. आता खात्री करून घ्यायला मार्ग नाही.

आपल्या धर्मग्रामात दीर्घ आजाराने कोणी घरीच असेल, मग आजाराला नाव असो वा नसो, तर कृपया मला कळवावे. ख्रिस्तप्रसाद घेऊन येईन. आधी विचारूनच येईन, आणि फार वेळ बसणार नाही.

– आपले धर्मगुरू