डोरोथी हॉजकिन: इन्सुलिनच्या रेणूचा नकाशा काढणाऱ्या शास्त्रज्ञ

साधे इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यावे लागते. लिस्प्रो किंवा ॲस्पार्ट ही नवी इन्सुलिने मात्र जेवायला बसण्याच्या थोडे आधी घेतली तरी चालतात. दोन्हींचे शरीरातले काम एकच आहे, मग वेळेत हा फरक का? याचे उत्तर इन्सुलिनमधील अमिनो आम्ले एकमेकांना कुठे टेकतात, यात आहे. ही जागा कोणती, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यासाठी ३४ वर्षे लागली. त्या काळात डोरोथी यांचे हात आमवाताने हळूहळू वाकडे होत गेले होते.

बालपण आणि शिक्षण

डोरोथी क्रोफुट यांचा जन्म १२ मे १९१० रोजी इजिप्तमधील कैरो येथे झाला. वडील तेथे शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे त्यांनी पुरातत्त्वात काम केले. आई जुन्या कापडांची आणि वनस्पतींची अभ्यासक होती. आईवडील बराच काळ परदेशी असत आणि मुली इंग्लंडमध्ये शिकत. दहा वर्षांच्या असतानाच डोरोथींना स्फटिकांचा नाद लागला. शाळेत रसायनशास्त्र मुलांनाच शिकवत. तो वर्ग करण्याची परवानगी ज्या दोन मुलींना मिळाली, त्यांत त्या होत्या.

१९२८ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजमध्ये दाखल झाल्या. पदवीनंतर केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल यांच्याकडे त्यांनी संशोधन सुरू केले. १९३४ मध्ये तेथे पेप्सिन या जठरातील पाचक प्रथिनाच्या स्फटिकाचे क्ष-किरण छायाचित्र घेण्यात आले. स्फटिक वाळला की चित्र उमटत नाही, तो स्वतःच्या द्रावातच ओला ठेवावा लागतो, हे तेव्हा कळले. प्रथिनाचे असे ठळक ठिपके दाखवणारे हे पहिले छायाचित्र होते. ते घेतले गेले तेव्हा डोरोथी लंडनला गेल्या होत्या, हातांच्या दुखण्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायला.

चोविसाव्या वर्षी आमवात

हे दुखणे म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हातांचे छोटे सांधे सुजतात, सकाळी ताठरतात आणि उपचार न मिळाल्यास कायमचे वाकडे होतात. त्या काळी मेथोट्रेक्सेटसारखी आजाराला आवर घालणारी औषधे या आजारासाठी वापरात नव्हती. १९३७ मध्ये त्यांचा थॉमस हॉजकिन यांच्याशी विवाह झाला. पुढच्या वर्षी पहिल्या बाळंतपणानंतर आजार एकदम उसळला. बाळंतपणानंतर आमवात बळावणे आजही अनेक रुग्णांमध्ये दिसते. त्यांनी उपचार घेतले आणि प्रयोगशाळेत परतल्या. क्ष-किरण यंत्राचे बटण बोटांनी दाबता येईना, म्हणून त्यांनी त्याला लांब दांडा बसवून घेतला. या काळात तीन मुलेही वाढवली.

इन्सुलिन हाती आले

टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षापासून ते मधुमेही रुग्णांना मिळू लागले. मात्र ते कसे दिसते, हे कोणालाच माहीत नव्हते. १९३४ मध्ये डोरोथी ऑक्सफर्डला परतल्या तेव्हा प्राध्यापक रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांना स्फटिकरूप इन्सुलिनचे काही मिलिग्रॅम दिले. १९३५ मध्ये त्यांनी त्याचे पहिले क्ष-किरण छायाचित्र घेतले. फिल्मवर ठिपक्यांची ठळक रचना उमटली. रेणूत शिस्तबद्ध मांडणी आहे, एवढे त्यातून नक्की झाले. पण शेकडो अणूंची जागा या ठिपक्यांवरून काढण्याचे गणित तेव्हा कोणाकडेच नव्हते.

त्यामुळे त्यांनी आधी लहान रेणू हाती घेतले. १९४५ मध्ये पेनिसिलिनची रचना उलगडली आणि १९५० च्या दशकात ब-१२ जीवनसत्त्वाची. या कामासाठी १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मारी क्युरी आणि इरेन जोलिओ-क्युरी यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला. इन्सुलिनचे कोडे मात्र अजून सुटले नव्हते.

अमिनो आम्ले एकमेकांना टेकतात म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. इन्सुलिनमध्ये अशा दोन माळा असतात: ‘ए’ साखळीत २१ आणि ‘बी’ साखळीत ३० अमिनो आम्ले. त्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत शोधला होता. पण क्रम कळला म्हणजे आकार कळला असे नाही. माळ मुठीत गोळा केली की दूरचे मणी शेजारी येतात. प्रथिनाचे काम ठरते ते या शेजारावरून.

शेजार ओळखण्यासाठी अणूंमधील अंतर मोजतात. त्याचे एकक अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. दोन अमिनो आम्लांचे अणू एकमेकांपासून साधारण ४ अँगस्ट्रॉमच्या आत आले, तर ती टेकली आहेत असे सर्वसाधारणपणे धरतात. हा संबंध अनेक प्रकारचा असतो:

- गंधकाचा पूल: दोन गंधक अणूंमधला पक्का बंध. इन्सुलिनमध्ये असे तीन पूल आहेत आणि त्यांपैकी दोन ‘ए’ व ‘बी’ साखळ्यांना जोडून ठेवतात.
- हायड्रोजन बंध: सुमारे ३ अँगस्ट्रॉमचा, एकेकटा कमजोर, पण अनेक मिळून बळकट.
- विद्युतभारांचे आकर्षण: धन भाराचे आम्ल ऋण भाराच्या आम्लाजवळ येते.
- तेलकट आम्लांची दाटी: पाणी टाळणारी आम्ले रेणूच्या आत एकमेकांना चिकटून बसतात.

१९६९: इन्सुलिनचा नकाशा

जड धातूंचे अणू स्फटिकात घालून ठिपक्यांचे कोडे सोडवण्याची पद्धत आणि संगणक, दोन्ही आल्यावर १९६९ मध्ये इन्सुलिनची रचना २.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने जाहीर झाली. या गटात एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते. पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास उभा केला. १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने १.५ अँगस्ट्रॉमचा आणखी बारीक तपशील प्रसिद्ध केला. तेव्हा डोरोथी ७८ वर्षांच्या होत्या.

या नकाशात दिसले ते असे. इन्सुलिनचे दोन रेणू एकमेकांसमोर येऊन जोडी जमवतात. या जोडीच्या सांध्यात ‘बी’ साखळीच्या शेपटाकडील २४, २५ आणि २६ क्रमांकांची आम्ले समोरच्या रेणूच्या त्याच भागाला भिडतात. २८ व्या जागेचे प्रोलिनही समोरच्या साखळीला टेकते. अशा तीन जोड्या मिळून सहा रेणूंचा गट होतो. त्याच्या मध्यभागी जस्ताचे दोन अणू असतात. प्रत्येक जस्त तीन रेणूंच्या १० व्या जागेवरील हिस्टिडिनने धरलेले असते.

स्वादुपिंडात इन्सुलिन साठवायला हा सहांचा गट सोयीचा असतो. पेशीवर काम मात्र सुटा रेणूच करतो. साधे इन्सुलिन त्वचेखाली टोचल्यावर आधी गट सुटावा लागतो आणि मग सुटे रेणू रक्तात जातात. जेवणाआधीचा अर्धा तास त्यासाठीच लागतो.

एका सांध्यात बदल, आणि वाट पाहणे कमी

इन्सुलिनशी नाते असलेल्या, वाढीला मदत करणाऱ्या एका संप्रेरकात प्रोलिन आणि लायसिन यांचा क्रम इन्सुलिनच्या उलट असतो. तो क्रम इन्सुलिनच्या २८ व २९ व्या जागी आणून लिस्प्रो तयार झाले. जोडीचा सांधा ढिला पडला, रेणू लवकर सुटू लागले, पण पेशीवरचे काम तसेच राहिले. ॲस्पार्टमध्ये २८ व्या जागी ऋण भाराचे ॲस्पार्टिक आम्ल आहे. तेही जोडी नीट जमू देत नाही.

उलट बाजूही आहे. काही कुटुंबांत २४ किंवा २५ व्या जागेचे फेनिलॲलनिन जन्मतःच बदललेले असते. अशा व्यक्तींचे इन्सुलिन नीट काम करत नाही आणि त्यांना मधुमेह होऊ शकतो. ५१ आम्लांपैकी एकाच्या बदलाने एवढा फरक पडतो.

अखेरची वर्षे

१९६५ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान त्यांना मिळाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यानंतर तो मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला. अण्वस्त्रांना विरोध करणाऱ्या पगवॉश परिषदेच्या त्या बराच काळ अध्यक्ष होत्या. बीजिंगमधील शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे इन्सुलिनची रचना उलगडली, तेव्हा तेथे जाऊन त्यांनी ते काम पाहिले आणि जगासमोर त्याची कदर केली. १९९३ मध्ये स्फटिकशास्त्राच्या जागतिक परिषदेसाठी त्या चाकाच्या खुर्चीतून पुन्हा बीजिंगला गेल्या. २९ जुलै १९९४ रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

- आपले इन्सुलिन साधे आहे की जलद काम करणारे, हे डॉक्टरांना विचारून घ्या. जेवणाआधीची वेळ त्यावर ठरते. स्वतःहून एकाऐवजी दुसरे वापरू नका.
- इन्सुलिन फ्रीजरमध्ये ठेवू नका आणि उन्हात किंवा तापलेल्या गाडीत राहू देऊ नका. गोठल्याने किंवा अति उष्णतेने रेणूची घडी विस्कटते आणि औषध निकामी होते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा.
- साधे, लिस्प्रो आणि ॲस्पार्ट ही इन्सुलिने बाटलीत स्वच्छ दिसायला हवीत. गाठी किंवा गढूळपणा आढळल्यास वापरू नका. दुधाळ दिसणाऱ्या इन्सुलिनला हा नियम लागू नाही, पण त्यातही गाठी नसाव्यात.
- दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. आमवाताची औषधे लवकर सुरू केली तर आज बहुतेकांचे हात वाचवता येतात. डोरोथींना ती संधी मिळाली नव्हती.