पंडित विष्णू नारायण भातखंडे

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. ते वकील होते. पण त्यांचे मन गाण्यात होते. पत्नी व एकुलती मुलगी वारल्यावर पुढे त्यांनी वकिलीही सोडली.

त्या काळी गाणे शिकणे सोपे नव्हते. उस्ताद आपल्या चिजा, म्हणजे रागात बांधलेली गीते, सहसा मुलाला किंवा निवडक शागिर्दालाच शिकवत. उस्तादाबरोबर त्या चिजाही नाहीशा होत. शाळेतल्या कोणत्याही मुलाला त्या शिकता याव्यात, अशी भातखंडे यांची तळमळ होती. त्यासाठी ते देशभर हिंडले. जयपूरच्या मुहम्मद अली खाँ यांच्याकडून त्यांनी चिजा मिळवल्या, तर रामपूरला वजीर खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. मिळालेली चीज ते स्वरलिपीत लिहून ठेवत. केवढे चिकाटीचे काम!

तुम्ही पहिलीपासून एकेक पुस्तक शिकत आलात ना? भातखंडे यांनी गाण्याचीही तशीच पुस्तके मराठीत तयार केली. त्यांचे नाव 'क्रमिक पुस्तकमालिका'. काही गवयांना हे रुचले नाही. गळ्यातले गाणे कागदावर कसे उतरणार, ही त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती.

१९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने संगीत परिषद भरली. १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय निघाले. आज ते भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

१९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते वारले. मालिकेचे शेवटचे भाग त्यानंतर प्रसिद्ध झाले.