घसरत्या चाकाशी झुंजलेला हॅरी

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत ओळींमधून ये-जा करणारा छोटा ट्रॅक्टर दिसला, की मला हॅरी फर्ग्युसन आठवतो. ट्रॅक्टरच्या मागे अवजार धरणारे ते तीन दांडे, दोन खाली आणि एक वर, ही त्याचीच देणगी.

१८८४ मध्ये आयर्लंडच्या काउंटी डाउनमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. अकरा भावंडांतला चौथा. शेतीकामाचा त्याला मनस्वी कंटाळा. १९०२ मध्ये तो बेलफास्टला थोरल्या भावाच्या वर्कशॉपमध्ये गेला आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बांधलेले विमान आयर्लंडच्या भूमीवरून उडवून दाखवले. पण शेतीने त्याला सोडले नाही. १९१७ मध्ये सरकारने त्याच्यावर आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची जबाबदारी टाकली.

तेव्हा नांगर ट्रॅक्टरमागे नुसता साखळदंडाने ओढला जाई. फाळ दगडात अडकला, की मागची चाके जागीच रुतत, पुढचा भाग घोड्यासारखा उधळे आणि ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर येई. कितीतरी माणसे अशी गेली. हॅरीने नांगर ट्रॅक्टरचाच अवयव केला. नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळू लागली. फाळ अडकलाच, तर तो भार क्षणात उतरून चाके नुसती फिरत राहत. चाकाचे घसरणे त्याने चालकाचे रक्षण करण्यासाठी वापरले, हे मला त्याच्या बुद्धीचे खरे मोठेपण वाटते.

१९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्रीत बनलेल्या त्याच्या करड्या छोट्या ट्रॅक्टरांची संख्या पाच लाखांवर गेली. त्यांना डिफरन्शियल लॉक नव्हते. एक चाक चिखलात फिरू लागले, की त्याच चाकाचा ब्रेक हलका दाबायचा. मग जोर दुसऱ्या चाकाकडे जाई.

आजच्या छोट्या ट्रॅक्टरांना हे लॉक असते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. लॉक ही मुभा काढून घेते. दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. स्टिअरिंग फिरवले तरी तो बांधाकडे, विहिरीकडे तसाच जातो, आणि घात होतो तो इथेच. म्हणून चाक घसरायला लागल्यावर घाईने पेडल दाबू नये. आधी क्लच दाबून चाके थांबवावीत, मग लॉक लावावे, सावकाश सरळ निघावे आणि वळण येण्यापूर्वी पेडल सोडावे. पाय काढूनही लॉक सुटले नाही, तर वेग कमी करून स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवावे. चाकांवरचा ताण गेला की ते सुटते. उतारावर आणि पक्क्या रस्त्यावर त्याला हात (खरे तर पाय) लावू नये.

हॅरी मोठा हट्टी होता. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी त्याने लेखी कराराविना, नुसत्या हस्तांदोलनावर भागीदारी केली. पुढे फोर्डच्या नातवाने ती मोडली. १९४८ मध्ये हॅरीने अमेरिकेत दावा लावला आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलर वसूल केले. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली; आपल्याकडे मॅसी फर्ग्युसन हे नाव आले ते त्या मिलनातून.

त्यानंतर तो चारही चाकांना जोर देणाऱ्या मोटारीच्या मागे लागला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलवर चालकाच्या पायाविना आपोआप लगाम बसावा, अशी त्याची खटपट होती. २५ ऑक्टोबर १९६० रोजी तो वारला. सप्टेंबर १९६१ मध्ये त्याच्या कंपनीची फर्ग्युसन पी ९९ ही मोटार स्टर्लिंग मॉसने ओल्टन पार्कच्या ओलसर धावपट्टीवर पहिल्या क्रमांकाने आणली.