सुप्त विषाणूचा शोधकर्ता : ल्युडविक ग्रॉस

ल्युडविक ग्रॉस यांचा जन्म १९०४ मध्ये पोलंडमधील क्राको येथे झाला. जर्मन आक्रमणानंतर मायदेश सोडून ते अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात संशोधन करू लागले. रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त उंदरांचा पेशीविरहित अर्क प्रौढ उंदरांना टोचून काहीच निष्पन्न होईना. तेव्हा त्यांनी तो नवजात पिलांना टोचला. पिले निकोप वाढली. मात्र काही महिन्यांनी त्यांना तोच रोग जडला. शरीरात दीर्घकाळ सुप्त राहणारा विषाणूच त्याच्या मुळाशी आहे, हा १९५१ मधील निष्कर्ष अनेकांनी अमान्य केला. पुढे इतरांच्या प्रयोगांनी तो खरा ठरला. १९७४ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये कर्करोगानेच त्यांचे निधन झाले.